टीव्हीवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो? नवा स्पीकर घेण्याआधी एवढं करून बघा

मुळशीत ज्यांचं होमस्टे आहे, छोटं रिसॉर्ट आहे, फार्महाउस भाड्याने देतात किंवा पिरंगुट-हिंजवडीकडे ट्रेनिंगचा हॉल चालवतात, त्यांच्याकडून एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. "सर, वायरलेस स्पीकर लावला की माणूस आधी बोलतो आणि आवाज नंतर येतो. स्पीकर खराब आहे का? बदलू का?"

माझं उत्तर: थांबा, लगेच पैसे घालू नका. दहापैकी आठ-नऊ ठिकाणी स्पीकर एकदम ठणठणीत असतो. तो ज्या रस्त्याने जोडलाय, तो रस्ता लांबचा असतो. व्हिडिओत मी हे हाताने करून दाखवलंय, पण मेनूतली नावं आणि आकडे समोर लिहिलेले असले की काम सोपं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आवाज अडवून ठेवता येतो, पण तो यायच्या आधी आणता येत नाही. टीव्हीच्या मेनूत 'ऑडिओ डिले', 'एव्ही सिंक' किंवा 'लिप सिंक' नावाची जी पट्टी असते ना, ती फक्त अडवून ठेवायचं काम करते. म्हणजे आवाज चित्राच्या पुढे पळत असेल तर ती उपयोगाची. वायरलेस स्पीकरवर मात्र आवाज आधीच मागे पडलेला असतो, आणि आपण ती पट्टी पुढे सरकवली की तो अजून मागे पडतो. काही टीव्हीत उणे आकडेही दिसतात. ते टीव्हीने स्वतःहून थोडा आवाज अडवून ठेवला असेल तर तेवढाच सोडतात, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'किती फरक आहे' हा नाहीच. आवाज पुढे आहे की मागे, हा पहिला प्रश्न.

किती फरक चालतो?

धरणाच्या फुगवट्याकडेला कधी उभे राहिलात तर पलीकडच्या काठावर कोणी लाकूड फोडताना दिसतं. कुऱ्हाड पडलेली दिसते आणि 'ठक' जरा वेळाने ऐकू येतं. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पलीकडचा काठ ३४० मीटरवर असेल तर पुरा एक सेकंद. आपला मेंदू जन्मापासून हे बघत आलाय. आवाज थोडा मागून आला तर तो चालवून घेतो. आवाज आधी आणि दृश्य नंतर असं निसर्गात कधी घडत नाही, त्यामुळे आवाज जरासा जरी पुढे गेला तरी लगेच खटकतं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, म्हणजे आयटीयूने, १९९८ मध्ये टीव्ही प्रसारणासाठी याचे आकडे दिलेत. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की बघणाऱ्याच्या लक्षात यायला लागतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. तीन चित्रं मागे पडेपर्यंत माणसाला बहुधा कळत नाही.

आता साध्या ब्लूटूथ स्पीकरचा उशीर बघा, साधारण १५० ते २५० मिलिसेकंद. म्हणजे सीमेच्या जरासा बाहेर. म्हणूनच एक पाहुणा तक्रार करतो आणि त्याच्याच शेजारी बसलेला म्हणतो, "काय राव, मला तर काही जाणवत नाही." दोघंही खरं बोलतायत. गाणी लावली, निसर्गाचा व्हिडिओ लावला तर कळत नाही. बातम्या, मुलाखत, सिनेमातला जवळून घेतलेला चेहरा आला की कळतं. क्रिकेटमध्ये बॅटचा 'टक' ऐकला की तर हमखास.

टाळी वाजवा आणि मोजा

शूटिंगमध्ये सीनच्या सुरुवातीला फळी आपटतात ती तुम्ही बघितली असेल. फळी मिटलेलं चित्र आणि 'टक' आवाज एकावर एक ठेवले की पुढचा सगळा सीन जुळतो. पुण्याला हे काही नवीन नाही. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये काढणारी प्रभात कंपनी पुढच्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आपल्याला फळीही लागत नाही, दोन हात पुरेत.

मोबाइल उभा करा, चांगल्या उजेडात चेहऱ्यासमोर हात धरा आणि दोन-दोन सेकंदांनी दहा टाळ्या वाजवा. कॉलरचा वायरलेस माइक लावू नका, मोबाइलचाच माइक ठेवा. हा झाला तुमचा टेस्ट व्हिडिओ. तो एक तर पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसरीकडे आपल्या यूट्यूब चॅनेलवर 'अनलिस्टेड' म्हणून टाका. दोन्हीकडे कशाला? कारण एकाच टीव्हीवर पेनड्राइव्ह आणि यूट्यूब यांचा उशीर वेगवेगळा निघू शकतो.

आता तो व्हिडिओ टीव्हीवर लावा आणि दुसऱ्या मोबाइलने टीव्हीचं शूटिंग करा. टीव्ही चौकटीत पाहिजे आणि मोबाइल स्पीकरपासून एखाद्या मीटरवर पाहिजे. मग ते रेकॉर्डिंग मोबाइलवरच्या कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडा, ज्यात आवाजाची लाट खाली दिसते. हात भिडले ते चित्र आणि लाटेचं टोक यांच्यात किती फ्रेम आहेत ते मोजा. रेकॉर्डिंग ३० फ्रेमचं असेल तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, ६० फ्रेमचं असेल तर सुमारे १७ची.

एक काळजी घ्या. मोजायच्या मोबाइलमध्ये स्वतःचाच थोडा फरक असू शकतो. म्हणून आधी समोर एखाद्या माणसाला खरी टाळी वाजवायला लावून तीही शूट करा. तिथे एक फ्रेमचा फरक दिसला तर पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करा.

हे तीन वेळा करा: एकदा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर, एकदा वायरलेस स्पीकरवर, आणि जमलं तर एकदा तोच स्पीकर वायरने जोडून. टीव्हीचा आवाज जुळतो, वायरवर जुळतो आणि वायरलेसवर मागे पडतो, असं निघालं तर दोष कुठे आहे ते कळलं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवरही फरक असेल तर मात्र वायरलेसच्या मागे लागू नका. आधी चॅनेल बदलून परत या, अ‍ॅप बंद करून उघडा, सेट टॉप बॉक्स एकदा बंद-चालू करा. कधी कधी प्रसारणातच गडबड असते आणि आपण घरात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेलो असतो.

उशीर नेमका होतो कुठे?

ब्लूटूथमध्ये आवाज तसाच्या तसा जात नाही. आधी तो दाबून लहान केला जातो, मग छोट्या छोट्या पुड्या बांधून हवेतून पाठवला जातो, आणि स्पीकर त्या उलगडतो. वाटेत एखादी पुडी हरवली तर आवाज तुटू नये म्हणून स्पीकर थोडा साठा करून ठेवतो आणि मगच वाजवायला लागतो. हा साठा म्हणजेच तुमचा उशीर. गाणी ऐकायला तो वरदान आहे. चित्राबरोबर ऐकायला अडचण.

आवाज दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी ही सगळ्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये असतेच. 'अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी' ही पद्धत मुद्दाम व्हिडिओसाठी काढलेली, तिचा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास. पण ती पाठवणारा आणि ऐकवणारा, दोघांकडे असावी लागते. एकाकडे नसली की दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात आणि खोक्यावरचं लेबल खोक्यावरच राहतं. आणखी एक, महागडा कोडेक म्हणजे कमी उशीर असं समजू नका. एलडॅकचा आवाज सुरेख, पण उशीर बहुतेक वेळा एसबीसीइतका किंवा जास्तच.

वायफायवर चालणारे स्पीकर ही वेगळी जात आहे. चार खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी वाजावं म्हणून ते मोठा साठा ठेवतात, काही वेळा सेकंदा-दोन सेकंदांचा. संगीताला उत्तम, मॅचला निरुपयोगी, जोपर्यंत वाजवणारं अ‍ॅप चित्रही तेवढंच अडवून धरत नाही तोपर्यंत. आणि साउंडबारबरोबर येणारा वायरलेस सबवूफर? तो ब्लूटूथ नसतो. कंपनीने त्या जोडीसाठीच केलेली रेडिओची सोय असते आणि उशीर अगदी थोडा. कार्यक्रमात साउंडवाला आणतो तो कॉर्डलेस माइकही तसाच जवळजवळ तात्काळ. त्यामुळे 'वायरलेस म्हणजे उशीर' हे अर्धसत्य आहे. दुकानात विचारायचं ते "वायरलेस आहे का?" हे नाही. "आवाज जातो कशातून?" हे विचारा.

दुरुस्ती: रस्ता छोटा करा, नाहीतर चित्र अडवा

बिनपैशाचा आणि बहुतेकांना माहीत नसलेला उपाय पहिला. स्पीकर टीव्हीला जोडू नका, व्हिडिओ जो वाजवतोय त्याला जोडा. म्हणजे सिनेमा फायर स्टिकवर चालू असेल तर ब्लूटूथ स्पीकरची जोडणी स्टिकशी करा. कारण चित्र कधी सोडायचं हे वाजवणाऱ्याच्या हातात असतं. स्पीकरला किती उशीर होणार याचा अंदाज घेऊन तो चित्रच तेवढं थांबवू शकतो. टीव्हीकडे एचडीएमआयमधून चित्र आलं की तो ते दाखवून मोकळा होतो. मोबाइलवर यूट्यूब बघताना ब्लूटूथ हेडफोनवर ओठ जुळतात आणि त्याच हेडफोनवर गेम खेळताना गोळीचा आवाज मागून येतो, त्याचं कारण हेच. यूट्यूब चित्र अडवतं. गेमला तुमच्या बोटाबरोबर चालायचं असतं, ती थांबू शकत नाही.

फायर टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये ऑडिओखाली 'एव्ही सिंक ट्यूनिंग' आहे, तिथे डोळ्याने आणि कानाने जुळवून घेता येतं. अ‍ॅपल टीव्हीत 'वायरलेस ऑडिओ सिंक' आहे, तो आयफोन जवळ धरून स्वतःच मोजतो. गूगल होमचे स्पीकर गटात लावले असतील आणि एक मागे-पुढे होत असेल तर त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप डिले करेक्शन' सापडेल. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर 'जे' आणि 'के' या कळा दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे करता येतो. इथे पुढेही करता येतो, कारण फाइल त्याच्या हातात असते.

डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सला मात्र ही सोय सहसा नसते. बॉक्स, मग टीव्ही, मग ब्लूटूथ स्पीकर, या साखळीत चित्र अडवणारा कोणीच नाही. तिथे उपाय एकच: वायर. मला माहितीय, वायर लपवायलाच तर तुम्ही वायरलेस घेतलं होतं. पण बहुतेक ब्लूटूथ स्पीकरच्या मागे ऑक्सचं भोक असतं, आणि टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून तिथे वायर गेली की तोच स्पीकर बहुधा वेळेवर बोलायला लागतो.

काही नव्या टीव्हीत हेडफोन जॅक नसतो, ऑप्टिकल असतो. मग ऑप्टिकल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर नावाची छोटी डबी मिळते ती लावा. ती लावल्यावर आवाजच येत नाही म्हणून कितीतरी जण ती परत करतात. डबी चांगली असते. टीव्हीच्या 'डिजिटल आउटपुट'मध्ये 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' असतं, ते 'पीसीएम' करा. साध्या डबीला डॉल्बी उलगडता येत नाही.

हीच पीसीएमची खूण साउंडबारलाही कामाला येते. साउंडबार एचडीएमआय एआरसीने जोडलेला असेल आणि तरी थोडा मागे पडत असेल, तर पीसीएम करून बघा, उलगडण्यातला वेळ वाचतो. एआरसी २००९ मध्ये आला. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधल्या ई-एआरसीत लिप सिंक आपोआप जुळवणं सक्तीचं आहे. टीव्ही आणि बार दोन्हीवर 'ई-एआरसी' लिहिलेलं असेल तर त्याच भोकात वायर घाला आणि दोन्हीकडची ई-एआरसी सेटिंग चालू करा. घरी चार एचडीएमआय भोकं असतात आणि माणूस हाताला लागेल त्यात घालतो.

आणि 'गेम मोड लावा, लिप सिंक जातो' हा सल्ला. इंटरनेटवर सगळीकडे आहे आणि अर्धाच बरोबर आहे. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला, सजवायला वेळ घेतो. स्वतःच्या स्पीकरसाठी बहुतेक टीव्ही हा हिशोब आपोआप सांभाळतात. पण आवाज वेगळ्या वाटेने थेट साउंड सिस्टिमला गेला असेल तर चित्र मागे आणि आवाज पुढे, असं होतं. तिथे गेम मोड कामाचा, चित्र लवकर येतं. ब्लूटूथवर आवाज आधीच मागे असताना गेम मोड लावला तर चित्र आणखी पुढे पळतं आणि फरक वाढू शकतो. म्हणून म्हटलं, आधी पुढे की मागे ते ठरवा.

कोळवणकडचं एक उदाहरण

कोळवण खोऱ्यात एक होमस्टे आहे, नाव नको. काकांनी दिवाणखान्यात टीव्ही आणि पडवीत दोन ब्लूटूथ स्पीकर लावलेले. पावसाळ्यात ताम्हिणी बघायला येणारी माणसं संध्याकाळी पडवीत बसून मॅच बघतात, तेवढ्यासाठी. दोन पाहुण्यांनी रिव्ह्यूत 'साउंड खराब' लिहिलं. पुढच्या शनिवारी हिंजवडीच्या एका कंपनीचा ग्रुप यायचा होता, त्यांना त्यांची फिल्मही दाखवायची होती. काका तीस हजारांवरचा साउंडबार घ्यायच्या बेतात होते. मला म्हणाले, "सर, फक्त कुठला घेऊ तेवढं सांगा."

म्हटलं, "काका, आधी टाळी वाजवूया."

टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर फरक शून्य. ब्लूटूथवर ३० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये सात फ्रेम, म्हणजे २३० मिलिसेकंद. मेनू उघडला तर ऑडिओ डिले १०० वर ठेवलेला. पुतण्याने 'सिंक ठीक करायला' सरकवला होता. शून्य केला, चार फ्रेम राहिल्या. म्हणजे १३० च्या आसपास, अगदी सीमेवर. काकूंनी बातम्या लावून बघितल्या, म्हणाल्या, "आता बरं आहे." काका म्हणाले, "अजून बॅट मागून वाजते." दोघांचंही बरोबर होतं, वर सांगितलं तेच.

मग डबी आणली, पीसीएम केलं, भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून वायर पडवीत काढली. स्पीकर तेच. फ्रेम शून्य. हजार रुपयांच्या आत काम झालं. पट्टी वीजेच्या वायरपासून हातभर लांब ठेवायला लावली, नाहीतर स्पीकरमध्ये घूं घूं येतं. शनिवारचा ग्रुप आला, फिल्म दाखवली, आणि आवाजाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

लॉनवर हिशोब बदलतो

मोकळ्या जागेत पडदा लावता तेव्हा हवेचा स्वतःचा उशीर मोजायला लागतो. एका मीटरला ३ मिलिसेकंद धरा. पडद्याजवळच्या स्पीकरपासून २० मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज ६० मिलिसेकंद उशिरा मिळतो. वायरवर हे चालून जातं. पण पुढचा स्पीकर ब्लूटूथवर असेल आणि त्याचे १५० त्यात मिळवले तर शेवटच्या रांगेत २१० झाले.

मग लोक काय करतात? मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून पुढे वायरचा स्पीकर आणि मागे एक ब्लूटूथ स्पीकर. हे कृपया करू नका. मधे बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बोलण्यात दोन आवाजांमध्ये ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की कान त्यांना वेगळे समजायला लागतो, आणि भाषण असेल तर काही कळेनासं होतं. घाटात उभं राहून ओरडल्यासारखं.

दोन्ही स्पीकर वायरवर घ्या. मागचा २० मीटरवर असेल तर मिक्सरमधून किंवा स्पीकरच्या स्वतःच्या डिलेमधून त्याला ६० अधिक १०-१५, म्हणजे ७०-७५ मिलिसेकंद अडवा. मग पुढचा आवाज आधी पोचतो, मागचा त्यात मिसळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आवाज पडद्याकडूनच येतोय. याला हास इफेक्ट म्हणतात. चांगला साउंडवाला हे नाव न घेता करतो. इथे बघा, अडवायची पट्टी खरी उपयोगी पडली, कारण मागच्या स्पीकरचा आवाज खरोखरच पुढे पळत होता.

एवढ्या लांब वायरला साधी ऑक्स चालत नाही, हमिंग येतं. मिक्सरपासून स्पीकरपर्यंत एक्सएलआरची बॅलन्स्ड केबल टाका. आणि लॉनवर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. सिनेमा साडेसातला सुरू करा म्हणजे वेळेत संपेल.

हॉल, कराओके आणि ऑनलाइन मीटिंग

ट्रेनिंग हॉलमध्ये लॅपटॉप एचडीएमआयने प्रोजेक्टरला आणि ब्लूटूथने स्पीकरला, ही नेहमीची जोडी. प्रोजेक्टरही चित्राला थोडा वेळ घेतो, त्यामुळे फरक कधी कमी वाटतो तर कधी नाही. भरवशाचं हवं तर बॅगेत पाच मीटरची ऑक्स वायर ठेवा. मी स्वतः ब्लूटूथच्या भरवशावर वर्ग घेत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर समोरचा माणूस जिवंत बोलत असतो, चित्र अडवून ठेवलं तर संभाषणच अडखळतं. तिथे वायर घ्या.

कराओकेचं गणित वेगळं. गाणारा कानाने ऐकून गातो, त्यामुळे त्याचा सूर-ताल बिघडत नाही. पण पडद्यावरचे शब्द पुढे जातात आणि तो गोंधळतो. माइक मात्र पार्टी स्पीकरच्या माइकच्या भोकातच घाला. माइकचा आवाज ब्लूटूथमधून फिरवून आणला तर स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून भलाभला गायक थांबतो.

हे लिप सिंक नाही

शेजारच्या घरात विकेट आधी पडते आणि तुमच्याकडे नंतर, हे सिंक बिघडलेलं नाही. मोबाइल अ‍ॅपवरचं थेट प्रसारण डीटीएचपेक्षा कित्येक सेकंद मागे असतं. चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळतायत ना, मग स्पीकरचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, फरक सुरुवातीला नाही आणि व्हिडिओ जसा पुढे जातो तसा वाढत जातो. हा रस्त्याचा दोष नाही, फाइलचा आहे. रस्त्याचा उशीर पहिल्या मिनिटाला जेवढा तेवढाच साधारण चाळिसाव्या मिनिटाला असतो. आपल्या रिसॉर्टचा व्हिडिओ मोबाइलवर काढून वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज त्याला जोडणाऱ्यांना हे हमखास दिसतं. मोबाइल फ्रेमचा वेग मधे मधे बदलतो आणि दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. एडिट करण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल 'कॉन्स्टंट फ्रेम रेट'वर काढून घ्या, आणि शूटिंगच्या सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. दोन टाळ्या जुळल्या की मधलं सगळं जुळतं.

लाइट गेल्यावर

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते. परत आल्यावर टीव्ही, राउटर आणि स्पीकर वेगवेगळ्या वेळी जागे होतात. काही टीव्ही आवाजाची वाट विसरून स्वतःच्या स्पीकरवर येतात, स्पीकर भलत्याच पाहुण्याच्या मोबाइलला चिकटतो, नाहीतर कोणीतरी घाईत टीव्ही रीसेट करतं आणि पीसीएमचं पुन्हा ऑटो होतं. म्हणून टीव्हीच्या मागे एक कागद चिकटवून ठेवा: आवाजाची वाट कोणती, डिजिटल आउटपुट पीसीएम, डिले शून्य, आणि टाळीच्या व्हिडिओची लिंक. रात्री नऊला कामावरच्या मुलाने तुम्हाला पुण्यात फोन करायच्या ऐवजी तो कागद वाचून मॅच चालू करता आली पाहिजे.